चौतिसावी ओळ

रात्री बारा दहाला थ्री-फेज आली,
मोटर गुरगुरली, पाइपात पाणी चढलं,
आणि व्हॉल्व्ह
ओठ मिटून बसला.
ही तिसरी रात्र.

किसनदादा नेहेते बॅटरी घेऊन
बांधावरून आले, हातानेच उघडला त्यांनी.
मला काही बोलले नाहीत.
सावद्याच्या मे महिन्यात
केळीबागवाल्याची तीन रात्री झोप मोडावी
आणि त्यानं बोलू नये,
त्यापेक्षा शिवी बरी.

सॉफ्टवेअर फुकटचं. कुठल्या कुठल्या देशांत
कुणी कुणी जेवण झाल्यावर बसून लिहिलेलं.
सोबत माहितीची पानं.
मी ती पोथीसारखी वाचली होती,
बोट ठेवून, शंका न घेता.
*उघडण्यासाठी शून्य लिहा.*
लिहिलं शून्य.

सकाळी निंबाभाऊंच्या रिवायंडिंगच्या दुकानात
व्हॉल्व्हची कॉइल सोडवली.
वार्निशचा वास, खाली तांब्याच्या तारांचा केर.
भिंगातून पाहून म्हणाले,
"हिच्यात काही नाही. तुह्या कागदात पाहा."
मी म्हटलं, छापलेलं आहे, भाऊ.
हजार लोक वापरतात.
"मग हजार लोकांनी कायले नाही सांगितलं,
ते पाहा."

फळीवरच्या डब्यामागून वही काढली त्यांनी.
तेलानं पारदर्शक झालेली पानं.
एका मोटरीपुढे: फेरे बेचाळीस.
त्यावर काट. अठ्ठेचाळीस.
शेजारी वेगळ्या शाईत, शेख हबीब, चोपडा.
"ही मोटर मी कधी गुंडाळलीच नव्हती,
दुसऱ्याचं पाहून लिहिलं होतं.
माह्या वहीतून हबीबनं उतरवून नेलं.
दोन मोटरी जाळल्या त्यानं.
मग एसटीनं आला.
मले वाटलं, भांडायला आला.
चहा पिला, फेरे सांगितले, गेला."
वही मिटली.
"त्याच्या दोन जळाल्या. माही एकही नाही."

त्या रात्री पानं सोडून कोडच उघडला.
पंखा गरम हवा ढवळत होता.
तिथं सरळ लिहिलेलं: एक म्हणजे उघडा.
पान म्हणत होतं शून्य.
चौतिसावी ओळ.

पहिल्यांदा रागानं दीड पान लिहिलं.
किसनदादांची झोप, पंचेचाळीस डिग्री, सगळं.
मग पुसलं.
पान काय म्हणतं, मी काय केलं,
काय झालं, कोड काय म्हणतो.
एवढंच ठेवलं.

उजाडता उत्तर आलं होतं:
बरोबर आहे. बदल करून पाठवाल का?
इंग्रजीत तू आणि तुम्ही एकच.
मी आपलं तुम्ही धरलं.

बदलताना हात थरथरला, खोटं कशाला सांगू.
पडद्यावर एक ओळ लाल, खाली एक हिरवी,
दोन्ही सारख्याच,
फक्त एका जागी
शून्य गेलं, एक आला.
तीन रात्री त्या एवढ्याशा फटीत होत्या.

दोन दिवसांनी घेतला त्यांनी.
माझं नाव लागलं, यादीत खाली कुठेतरी,
भंगाळे मधला भ त्यांना उच्चारता येणार नाही
अशा ठिकाणी.
मी गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन
उगाच परत आले.

आठवड्यानं लिमा नावाच्या गावच्या कुणीतरी लिहिलं,
अगदी सभ्यपणे:
पस्तिसावी ओळ अजून म्हणते,
*बंद करण्यासाठी एक लिहा.*
आता उघडायलाही एक, बंद करायलाही एक.
बदल सोबत जोडला आहे.

मी कपाळावर हात मारून घेतला.
त्याचा बदल तपासला, दोनदा,
बोट ठेवून, या वेळी शंका घेत.
बरोबर होता.

निंबाभाऊ हे ऐकून इतके हसले
की हातातली गुंडाळी सुटली,
पुन्हा एकपासून मोजावी लागली.
मोजता मोजताच विचारलं,
"त्याचं काय जळालं?"
मी म्हटलं, माहीत नाही. विचारलं नाही.

सतरा, अठरा, एकोणीस.
"विचार," ते म्हणाले.