उतरणारे

मेलबर्नच्या वॉर्डात खिडकीशी
थानासिस मावरिदिस. एकतीस वर्षं ट्राम हाकली.
नावाचा अर्थ विचारला तर हसतो: अमर.
"आईनं ठेवलं. तिला काय ठाऊक,
माझं रक्त ते एवढं मनावर घेईल."

पेशीला मरण येतं, म्हणजे जमतं.
वय झालं, चूक झाली,
की आपल्या हातानं दिवा मालवते,
शेजारणी उरलंसुरलं वाटून घेतात.
ह्याच्या पेशींत एक प्रथिन
दाराला पाठ लावून उभं.
दुष्ट नाही ते. कुणाला मारत नाही,
जाऊ देत नाही एवढंच.
गर्दी अशीही होते:
फार चढले म्हणून नव्हे,
कुणी उतरलंच नाही म्हणून.

आज पहिली गोळी. मसुरीच्या दाण्याएवढी.
ती त्या प्रथिनाचा दंड धरणार,
दारातून बाजूला घेणार.
पाणी प्या, नर्स बजावते, भरपूर प्या,
सगळ्या एकदम मेल्या तर मूत्रपिंडं तुंबतील.
म्हणून दर आठवड्याला
थोडं थोडं मरण, मोजूनमापून.

एव्डोकिया पेला भरते. तो अर्धा ठेवतो.
ती त्यावरच ओतते.

रात्री दहाला मी रक्त घेतलं,
पहाटे चारला पुन्हा.
सुई टोचताना तो झोपेतच ग्रीकमध्ये काही बोलला.
काय म्हणाले?
ती पदराशी नाही, चष्म्याच्या काडीशी चाळा करत राहिली.
"शेवटचा थांबा म्हणतोय.
सगळ्यांनी उतरून घ्या."

मी नळीवर नाव लिहिलं.
चार वाजून दहा मिनिटं.