घंटेचा दोर

फॅरो बेटांच्या नकाशावर आमचं गाव ठिपक्याएवढंही नाही.
सदतीस माणसं, दोनशेदहा मेंढ्या,
गवताच्या छपराचं, डांबर फासलेलं लाकडी देऊळ
आणि घंटा एक. तिची राखण माझ्याकडे.
पाळकबुवा सहा आठवड्यांनी येतात, समुद्राने येऊ दिलं तर.
मधल्या रविवारी शास्त्र मीच वाचते,
चष्मा घरी राहिला तर पाठ असेल ते म्हणते,
आणि मेणबत्त्यांची बुडखी डब्यात भरून ठेवते.

मंगळवारी धुकं आलं.
इथलं धुकं येत नाही, बसतं.
आधी समोरचा कडा गेला, मग धक्का,
मग माझ्याच कुंपणाचं फाटक.
होडी बाहेर होती.
त्रोंदुर, त्याचा मेहुणा हानुस, आणि माझा यालमार,
एकोणीस वर्षांचा, हातमोजे खुंटीवर विसरून गेलेला.

वायरलेसवर नुसती खरखर.
पाच वाजता मी दोर हातात घेतला.

पहिला तास प्रार्थना केली.
दुसरा तास तुझ्याशी भांडले.
म्हटलं, तुला होडीत झोपायची जुनी सवय आहे,
बाहेर वादळ, आणि तू उशीला डोकं टेकून गाढ.
तेव्हा शिष्यांनी तुला हलवून उठवलं.
माझ्या पोराच्या होडीत तुला उठवणार कोण?
तिघंच आहेत,
त्यातला हानुस तर तुला मानतही नाही.

नऊच्या सुमारास तळहात सोलवटले.
बिल्लाने लोकरीचे पायमोजे आणले, ते हातांत चढवले.
एक मोठ्या माणसाचा, एक लहान मुलाचा.
अंधारात तिला तेवढेच सापडले.

मध्यरात्री शाळामास्तर आले,
दारात टोपी काढून उभे राहिले, आणि हळूच म्हणाले,
"समोरच्या कड्यावरून आवाज परत येतो.
धुक्यात खरी घंटा कुठली ते कळत नाही.
तुम्ही त्यांना घरी बोलावताय की खडकावर,
मला सांगता येत नाही."
ते खोटं बोलत नव्हते. तेच वाईट होतं.

मी थांबले.
देवा, मला वाटलं होतं, त्या शांततेत तू असशील.
तिथे लाटा होत्या,
छपराच्या गवतातून ठिबकणारं पाणी होतं,
आणि माझं काळीज,
टोपलीखाली झाकलेल्या कोंबडीसारखं.

मग मी पुन्हा दोर ओढला.
विश्वास दाटून आला म्हणून नाही.
विश्वास दिसतो कसा, असं त्या घटकेला कुणी विचारलं असतं
तर मी ते दोन पायमोजे दाखवले असते.
म्हटलं, घंटा वाजवायचं काम माझं.
आवाज कुठे पोचवायचा, कड्यावरून कुठे वळवायचा, ते तुझं.
अशी वाटणी मी परस्पर करून टाकली.
तू हो म्हणालास की नाही, ऐकू आलं नाही,
घंटा वाजत होती.

बुधवारी दुपारी ते आले.
पूर्वेच्या बेटाआड, एका खाचेत नांगर टाकून
रात्रभर बसले होते, सुकं मटण चघळत, पत्ते खेळत.
मी यालमारला विचारलं, "घंटा?"
तो म्हणाला, "कुठली घंटा?"

एक ठोकाही नाही.
एवढ्या रात्रीतला एकही.
मी हसले की रडले, ते बिल्लाला विचारा.

वरच्या घरातला म्हातारा डेम्मुस
हिवाळ्यापासून अंथरुणाला खिळलेला.
रात्र झाली की घाबरतो, उशाचा दिवा कुणाला मालवू देत नाही.
त्याची सून काल दूध घेऊन आली, उंबऱ्यातच म्हणाली,
मंगळवारी रात्री त्यांनी आपणहून सांगितलं,
"मालव तो दिवा.
कुणीतरी जागं आहे."

आज मी दोराला चरबी चोळते आहे.
मधोमध एक काळपट डाग आहे, माझ्याच हाताचा.
पाळकबुवांनी निरोप पाठवलाय, नवा दोर मागवू.
म्हटलं, राहू द्या, अजून चालेल.
उद्या पहाटे होडी पुन्हा जायची आहे.
हातमोजे मी त्याच्या कोटाच्या खिशात कोंबून ठेवलेत.
बाकीचं तू बघ.