तिसरी सूचना

मृणाली हेडाऊ, बी.ए. दुसरं वर्ष,
भर दुपारी दोनला आली,
तोंडावरचा स्कार्फ सोडत म्हणाली,
सर, लिहून घर चालते काय हो?

मी म्हटलं, बस. आधी पाणी पी.
चालत नाही, सरकते.
भिंतीला धरून.

टेबलावर तेव्हा होतं ते असं:
इतवारीतल्या मसालेवाल्याच्या पाकिटाची मागची बाजू,
चाळीस शब्द, त्यात 'अस्सल' त्याला सहा वेळा हवं होतं;
एका निवृत्त तहसीलदाराचं आत्मचरित्र,
ज्यात तो अजून सहावीतच बसला आहे
कारण दर रविवारी त्याला आणखी एक मास्तर आठवतो;
आणि वडशाच्या कंपनीसाठी नाटकाचा तिसरा अंक.
निर्मात्याचा सकाळीच फोन, नायिकेला मारू नका भाऊ,
मागच्या सीझनला ती चौऱ्याहत्तर गावांत मेली.

तिला वाटलं मी गंमत करतो.

सोनकुसरे मामांच्या छापखान्यात मी प्रुफं वाचायचो.
एका लग्नपत्रिकेत आजोबांचं 'कै.'
एक ओळ खाली घसरून नवरदेवाला लागलं होतं.
मी ते पकडलं. त्या रात्री मामांनी
स्वतःचा चहा माझ्याकडे सरकवला.
"तू आता लिव," म्हणाले. "तुले दिसते."

मग बडग्यांच्या पाट्या.
मारबतीच्या आदल्या रात्री जागनाथ बुधवारीत
ओट्यावर बसून, खड्ड्यांवर, वीजबिलावर,
दोन-दोन ओळी, ब्रश ओला असेपर्यंत.
सकाळी अख्खं शहर त्या मोठ्यानं वाचायचं
आणि संध्याकाळपर्यंत त्या जळून जायच्या.
एवढे वाचक मला पुन्हा मिळाले नाहीत.

डिसेंबरात अधिवेशन आलं की निवेदनं.
अंशकालीन ग्रंथपालांच्या बारा मागण्या होत्या,
मी चार केल्या.
आठ कुठं गेल्या, त्यांनी विचारलं.
चारांच्या पोटात, मी म्हटलं.
पैसे तीन वर्षांनी आले, मनीऑर्डरनं,
सोबत माफीची चार वाक्यं.
एकही ऱ्हस्व-दीर्घ चुकलेला नव्हता.

निधनवार्तेचे किती घेता? तिनं विचारलं.
ओळखीच्यांचे घेत नाही.
आणि वय वाढतं तसे सगळेच ओळखीचे निघतात,
तेव्हा त्या धंद्यात मी बुडालो.

आणि कविता?

दिवाणाखाली, म्हटलं.
तीनशे प्रती होत्या. आता दोनशे सत्त्याऐंशी.
ती वाकून बघायला लागली,
मी म्हटलं राहू दे, धूळ आहे.
तिनं एक घेतलीच. दोनशे शहाऐंशी.

ती गेली तरी नवतपाचं ऊन हललं नव्हतं.
समोर परात्यांकडे नवा कूलर आलेला.
त्यांचा पोरगा गॅलरीत उकिडवा बसून
पत्रक वाचत होता, शाळेतल्यासारखं,
आणि मला माझाच आवाज ऐकू आला:
एक. टाकीत पाणी भरल्याखेरीज पंप सुरू करू नये.
दोन. वाळ्याच्या ताट्या पूर्ण भिजेपर्यंत थांबावे.
तीन.
इथं तो अडला. परत वाचलं.
"बाबा, हे उलटं लिवलं. डावीकडं फिरवलं तर बंदच होते."
परात्यांनी उजवीकडे फिरवलं.
पाणी ताटीवरून उतरायला लागलं, वास आला.
"जाऊ दे बे," ते म्हणाले, "झाला न चालू."

बुटीबोरीच्या कारखान्याचं काम ते,
गेल्या दिवाळीचं. पैसे आलेले, संपलेले.

मी आत आलो. फाइल उघडली.
डावीकडेचं उजवीकडे केलं.
कारखान्याला दोन ओळी लिहिल्या,
पुढच्या छपाईत दुरुस्ती घ्यावी, बिल नाही.

मग टेबलावरचा पंखा जवळ ओढून
तहसीलदाराला सातवीत ढकललं.