दोन काड्या

धरण भरलं त्या साली जामटोला तेवढा पाण्याबाहेर उरला.
चाळीस घरं, एक हातपंप,
आणि चारी अंगांनी वैनगंगा.
टावर नव्हता.
म्हणजे होता, पण पाण्यावर.
जुनं गाव जिथं बुडालं, बरोब्बर तिथं
डोंगा थांबवला की फोनमध्ये दोन काड्या यायच्या.
एक चिंचेच्या शेंड्याची,
दुसरी शाळेच्या पायरीची,
असं रुषी दिघोरे म्हणायचा.
खालचं सगळं त्याला पाठ.

राशनचं मशीन माझ्याकडे, बचत गटाचं दुकान.
दर सात तारखेला मी ते मांडीवर घेऊन बसायची,
रुषी बांबू रोवून धरायचा,
बाया एकेक डोंग्यानं यायच्या
आणि आपल्याच चुलीच्या वर
अंगठा देऊन जायच्या.
खाली कोणी बघत नसे.
शेवंता तेवढी एकदा म्हणाली,
"इथं माही न्हाणी होती, काकी."
मशीन फिरत होतं. गोल, गोल, गोल.
मग तांदूळ पास झाला.

यंदा संक्रांतीनंतर तबकडी आली.
रुषीच्याच डोंग्यातून, गोधडीत गुंडाळून,
बाळंतिणीला आणावं तशी.
सोबत भंडाऱ्याचा निकेश, पोहता न येणारा,
दोन्ही हातांनी काठ धरून.
समाजमंदिरावर चढला, स्क्रू पिळले,
तिचं तोंड पल्याडच्या टावरकडे केलं
आणि म्हणाला, घ्या.
पाच काड्या!
पोरांनी सुरतेहून बाप आणला पडद्यावर,
बापानं आधी म्हैस दाखवायला लावली.
रुषीनं कुणालाच फोन लावला नाही.
चिवडा खाल्ला, निकेशला सोडून आला.

सात तारखेला मी दुकानातच बसले, पंख्याखाली.
सगळ्यांचं भराभर उरकलं.
पार्बतामायचा अंगठा लागेना.
पुसला, तेल लावलं, डावा घेतला, पुन्हा उजवा.
साठ वर्षं जाळी विणून
रेघा कुठल्या राहतील?
"तिथं त लागत होता," माय म्हणाली.
"तिथं तू हात पाण्यात बुडवत होतीस."
"मंग?"
मी तांब्या पुढं केला, हातपंपाच्या पाण्याचा.
बुडवला. नाही जुळला.

रुषी दारात उभा होता, बांबू घेऊन.
काही बोलला नाही.
मी मशीनची वायर काढली,
पदरात गुंडाळलं,
मायला म्हटलं, चाल.