अकरा दिरहमचा पाळणा

शारजात, रोल्याच्या मागे, आमच्या खोलीत सहा खाटा होत्या
आणि एक कॉम्प्युटर, वर्गणी काढून घेतलेला.
कार्ड खरवडायचं, नंबर घालायचा.
मोडेम आधी खाकरायचा, मग किंचाळायचा,
मग बराच वेळ विचार करायचा,
आणि एकदाचा फोटो उघडायचा, वरून खाली,
दुकानदाराने साडी दाखवावी तसा, घडीघडीने.
रेजी म्हणायचा, बघायला पैसे पडत नाहीत.
पडायचे. तासाला दोन दिरहम पडायचे.
तरी आम्ही बघायचो.

बोली एका दिरहमपासून!
खाली कॅफेटेरियात एवढ्यात चहा आणि समोसा येई.
इथे घड्याळ, इस्त्री, अर्धी उडालेली अत्तरं,
कुणाचा तरी बुद्धिबळाचा पट, एक उंट कमी.
भार्गव म्हणाला, घे की,
या देशात उंटाची काय टंचाई?

याच भार्गव तांडेलने चार दिरहमला दुर्बीण जिंकली.
आम्हाला तेव्हा पत्ता असा नव्हताच,
कंपनीचा पोस्टबॉक्स होता,
आणि त्याची किल्ली मंदूबच्या कमरेला.
आठवड्याने पार्सल आलं.
आत दुर्बिणीची फक्त कातडी पिशवी.
जाहिरात पुन्हा वाचली. पिशवीच लिहिली होती.
दोन दिवस तो कुणाशी बोलला नाही,
मग त्याच पिशवीतून साइटवर डबा नेऊ लागला.

आणि मुनाफ.
मुनाफ सोलकर, बाणकोटचा, पगार बावीसशे,
बायकोला तिकडे सातवा महिना.
फॅमिली व्हिसाला चार हजार लागतात
हे त्याला आमच्याहून चांगलं ठाऊक.
रात्री पावणेदोनला त्याने सगळ्यांना हलवलं,
"नऊवर थांबलंय रे. अकरा टाकू?"
पांढरं लाकूड. कठड्यावर रंगवलेले ससे.
एका सशाचा कान उडालेला.
"टाक," आम्ही झोपेतच म्हणालो. स्वस्त होतं ना.
शेवटची तीन मिनिटं
तो पडद्यावर तळहात धरून बसला,
जणू बाकीच्या जगाला दिसलंच नसतं मग.

पाळणा अकराला, पिकअप साठला.
जुमेराच्या व्हिलात एक गोरी बाई,
भिंती रिकाम्या, खोकी बांधलेली.
बाळ केवढं आहे, तिने विचारलं.
मुनाफ म्हणाला, येतंय.
तिने गादी फुकट दिली.

येतंय येतंय करत तीन वर्षं.
कठडा उंच, कांदे सांडत नसत.
कांद्यांशेजारी बटाटे, मग कुणाची सेफ्टी शूजची जोडी,
रमजानात खजुराची खोकी.
कुणी त्यावरून त्याला चिडवलं नाही,
रेजीनेसुद्धा नाही.
गादीवर मात्र त्याने कधी काही ठेवू दिलं नाही.
ती प्लॅस्टिकातच राहिली, कपाटामागे, उभी.

परवा त्याची हुमेरा भेटायला आली,
स्वतःच्या व्हिसावर, देइरात नोकरी.
डोळे बापाचे, बोलणं सगळं आईचं असणार.
गप्पा मारता मारता अंगठ्याने
तिने माझ्याचसाठी काहीतरी मागवलं.
चहा संपायच्या आत बेल वाजली.
केवढ्याला, मी विचारलं.
तिला आठवेना. "बघितलं नाही हो काका."

मी तिला दुर्बिणीची गोष्ट सांगितली. खूप हसली.
पावणेदोनची रात्र ओठांवर आली,
नऊवर थांबलेली ती बोली, ते ससे.

किल्ल्यांच्या जुडग्यात माझ्याकडे अजून
एक वाकडी षट्कोनी चावी आहे.
खोली सोडताना पाळण्याचे स्क्रू मीच काढले होते,
मुनाफ बाहेर जिन्यात उभा होता.
ही कशाची, तिने जुडगं फिरवत विचारलं.
असेल कशाची तरी, म्हटलं,
खूप स्वस्तात मिळालं होतं.