सातवा म

मंडईच्या रात्री दंडारीत
झिबलच्या तोतरेपणाची नक्कल केली मी.
पोरं तणसावर लोळली हसून.
झिबल चहाच्या ठेल्यावर,
गाळणी तशीच हातात.

सकाळी ग्रामपंचायतीपुढे
रात्री हसलेलेच ओरडत होते:
"माफी माग बे!
याच्या तोंडाले काळं फासा!"
मागितली. माईकवर,
सवयीनं आवाज जरा चढवूनच.
टाळ्यासुद्धा पडल्या दोन-चार.

मग झिबल उभा राहिला.
"म... म... मले..."
लोक उन्हाकडे पाहू लागले,
धान कापायचं होतं.
पांगले.

माईकवाला वायर गुंडाळतोय.
मी बसून आहे.
नकलेत तीनच म ठेवले होते मी.
हा सातवा,
आणि पुढचं वाक्य
मला पाठ नाही.