वही नंबर दोन

पहिली वही नागपूरला, वकील मॅडमच्या कपाटात,
माझ्या हॉल तिकिटाच्या झेरॉक्ससोबत.
ही दुसरी. शंभर पानी, कव्हरवर मोर,
अर्जुनी मोरगावच्या स्टँडसमोरून घेतलेली, पंचवीस रुपये.
तेही पहिल्या ओळीत लिहिलेत.

रसायनशास्त्र, पेपर तीन.
मी तीन तास लिहिलं, एक पुरवणी जोडली,
दोरा तुटला तेव्हा काटेखाये सरांनी दुसरा दिला.
निकालात त्या रकान्यात आलं : गैरहजर.
सात अर्ज केले. सातव्याची पोच मिळाली.
खिडकीतला माणूस म्हणाला,
तू होतीस याला पुरावा काय?
मी त्याच्यासमोर उभी होते.

ढिवर सोसायटीनं अकराशे, शिंगाड्याच्या पैशातून.
डुलेश्वरी, परीक्षेत माझ्यामागचा नंबर : वीस. पुन्हा वीस.
मंडईच्या रात्री दुसऱ्या अंकानंतर
नाटकातल्या खलनायकानं मिशी न काढता झोळी फिरवली :
दोन हजार तीनशे चाळीस, आणि एक फाटकी दहाची,
ती अजून चालवली नाही.
झेरॉक्सवाल्या मन्साराम भाऊनं काचेवर चौकोनी कोड चिकटवला,
तेव्हापासून कोण्या पुण्याचा, कोण्या दुबईचा पैसा
टिंग करून येतो.
एकानं सोबत लिहिलं : मीही. दोन हजार नऊ. भौतिकशास्त्र.
एवढंच. एकशे एक रुपये.

आई तलावावरून येते, गुडघ्यापर्यंत चिखल,
आणि जाळ्याबद्दल विचारावं तसं विचारते :
आज किती लागले वं?

काटेखाये सर रात्री आले, गाडीचा लाईट बंद करून.
शपथपत्र देता येणार नाही, म्हणाले,
पेन्शनला चौदा महिने राहिलेत.
पाचशे दिले. नाव लिहू नको.
मी लिहिलं : एक माणूस, जो त्या खोलीत होता.
मग ते खोडलं.
खाडाखोड दिसते अजून. शेजारी : पाचशे.

तारखेला साकोलीहून पहाटे चारची गाडी.
आमचा नंबर एकशे बारा,
अठ्ठ्याण्णववर कोर्ट उठलं.
विद्यापीठाचे वकील बाहेर चहा पीत होते,
मलाही विचारलं, घेणार का. चांगले वाटले.
मॅडमनं नंतर सांगितलं त्यांची एका तारखेची फी किती.
परतीच्या बसमध्ये मी भागाकार करत बसले :
परीक्षा फॉर्म, लेट फी, फेरतपासणी, गुणपत्रिकेची दुसरी प्रत,
इतक्या पोरींचे इतके.
म्हणजे त्यांचीही वर्गणीच आहे.
फक्त वही नाही.

परवा इस्तारी कुंभरे दारात आले,
चपला न काढताच.
"पोरी, माहे पन्नास होते ना वं तुयाकडं.
भारतीचा फारम भराचा हाय. तेवढेच कमी पडून रायले."
कोणत्या विद्यापीठाचा, मी विचारलं नाही.
इकडे एकच आहे.
पान काढून दाखवलं. त्यांनी आपल्या नावावर बोट ठेवलं,
वाचता येत नाही, पण जागा बरोबर.
पन्नास दिले. पुढे लिहिलं : परत.

पायरीवर थांबून म्हणाले,
"पेपरात बसल्यावर का का पाहा लागते,
थे लिहून दे तिले."

वहीचं शेवटचं पान फाडलं.
पुरवणीचा नंबर हातावर उतरवून घे.
सही करताना वरचं आणि खालचं नाव पाठ कर.
खोली नीट बघून ठेव, भिंती, खिडक्या, सगळं.

आमच्या खोलीत घड्याळाखाली एक पाल होती,
शेपूट तुटलेली. साडेबारापर्यंत हलली नाही.
मॅडम म्हणाल्या,
हे याचिकेत घेता येत नाही.